हाताला बसेल असा माउस

“हा पण नाही,” असं म्हणत हिनं तिसरा माउस खोक्यात परत ठेवला आणि दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. जणू मीच हिला पढवून आणलं होतं.

मी कशाला पढवू? माझ्या हातात असतं तर आम्ही केव्हाच घरी पोचलो असतो. खरेदीच्या बाबतीत माझं एक साधं धोरण आहे. चप्पल घ्यायची तर पायात घालायची, दोन पावलं चालून बघायचं, चावली नाही तर तीच घालून दुकानाबाहेर पडायचं. शर्टाचंही तेच. लग्नाचंही साधारण तेच केलं होतं आणि ते काही वाईट निघालेलं नाही. पण आमच्या हिचं तसं नाही. हिला साधा भोपळा घ्यायचा असला तरी त्याला चारही बाजूंनी भेटावं लागतं.

“मॅडम, एक काय ते ठरवा,” दुकानदार म्हणाला. “गेमसाठी पाहिजे, की रोजच्या कामाला?”

“दोन्हीला.”

“मग पंचाईत आहे. गेमचा माउस चपळ असतो. कामाचा हाताला आराम देतो. दोन्ही एकात मागाल तर कसं व्हायचं?”

“मला चपळही पाहिजे आणि आरामाचाही पाहिजे. आणि जिथं ठेवीन तिथंच थांबणारा पाहिजे. तुमचा हा तिसरा, मी हात थांबवला तरी केसभर पुढं जातो.”

“केसभर!” दुकानदार हसला. “केसभरानं काय होतंय?”

“माझ्या कामात नाक वाकडं होतं,” ही म्हणाली.

दुकानदाराला वाटलं चेष्टा चाललीय. पण ते अक्षरशः खरं होतं. ही भरतकामाच्या कारखान्यात डिझाइन करते. शाळेच्या स्वेटरवर जो बिल्ला असतो, हॉटेलच्या टॉवेलावर जे नाव असतं, ते मशीन मनानं भरत नाही. सुई इथं खाली जाईल, इथं वर येईल, इथून वळेल, हे आधी कुणीतरी कॉम्प्युटरवर दाखवून द्यावं लागतं. एकेक टाका, एकेक क्लिक. मी ज्या शाळेची बस चालवतो, तिथल्या पोरांच्या छातीवरचा सिंह हिनंच केलेला आहे. त्याच्या नाकाचा एक टाका इकडचा तिकडं गेला असता, तर सगळी शाळा बोकड मिरवत फिरली असती.

हिची माउस तपासण्याची पद्धत बघण्यासारखी होती. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडायचा, तांदळाच्या दाण्याएवढं झाडाचं एक पान काढायचं आणि त्याच्या कडेकडेनं फिरत राहायचं. मग डोळे मिटून हात लांब न्यायचा, परत आणायचा आणि डोळे उघडून बघायचं, की बाण आपल्या जागेवर आला का. पहिला माउस जड होता आणि त्याच्या पोटात निळे-लाल दिवे लागत होते. नुसता थाट. दुसरा उभा होता, एखाद्याशी हात मिळवावा तसा धरायचा. हाताला फार बरं वाटलं म्हणाली, पण पान काढताना त्याची कड करवतीसारखी आली. तिसऱ्याचं केसभराचं प्रकरण तर सांगितलंच. मी तोवर दुकानाच्या पायरीवर तीनदा जाऊन आलो होतो. मला एका जागी उभं राहता येत नाही. आणि शाळा सुटायची वेळ होत आली होती.

“अगं, घे ना कुठलातरी. माउस तो माउस.”

“तुम्ही बसचं स्टिअरिंग असं कुठलंतरी घ्याल का?” ही म्हणाली.

मी चौथ्यांदा पायरीवर जाऊन आलो. शेवटी दुकानदारानं आतून चौथा आणला. तो भोकाभोकांचा होता, थेट चाळणीच. हातात घेतला तर रिकामा वाटावा इतका हलका. अंगठ्यापाशी दोन जादा बटणं. हिनं पान काढलं, डोळे मिटले, हात लांब नेला, परत आणला. डोळे उघडले आणि पहिल्यांदाच हसली. मी लगेच पाकीट काढलं, विचार बदलायच्या आत.

ही सगळी यातायात कशासाठी, तर हाताची. काही महिन्यांपासून हिच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग चहाचा कप हातातून सुटायला लागला. डॉक्टरीणबाईंनी मनगट वाकवून बघितलं, टिचक्या मारून बघितल्या आणि म्हणाल्या, “शीर दबली आहे. दिवसभर कारखान्यात माउस आणि संध्याकाळी घरी परत माउस, हे या हाताला झेपणार नाही. दोनातलं एक सोडा.”

“त्यातलं एक काम आहे आणि एक खेळ आहे,” मी सांगितलं.

“मग प्रश्नच मिटला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

प्रश्न मिटला नव्हता. बाहेर आल्यावर ही म्हणाली, “माउसच टुकार आहे माझा. चांगला मिळाला की होईल सगळं ठीक.” मी हो म्हटलं. डॉक्टरीणबाईंसारखा मलाही तो खेळ एका वाक्यात निकालात काढता आला असता, पण मला माहीत होतं तो खेळ काय आहे ते.

हिला एक धाकटा भाऊ आहे. एकच. आईच्या शेवटच्या आजारपणात हिचं म्हणणं होतं, ऑपरेशन नको, तिला सोसायचं नाही. तो म्हणाला, एकदा प्रयत्न करून बघू, नाहीतर जन्मभर मनाला लागून राहील. प्रयत्न केला. आई टेबलावरच गेली. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये, सगळ्या नातेवाइकांसमोर, ही त्याला म्हणाली, “तू मारलंस तिला.” मी शेजारीच उभा होतो. त्यानं उलट उत्तर दिलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि जिना उतरून गेला. तेव्हापासून बोलणं बंद. फोन नाही, येणं-जाणं नाही. हिनं त्याचा नंबर काढून नुसतं बघत बसलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

मग हा खेळ आला. लहानपणी घरात एकच कॉम्प्युटर होता आणि त्यावर दोघं आळीपाळीनं खेळायची. आई गेल्यानंतरच्या वर्षी कधीतरी हिनं त्याच खेळाची नवी आवृत्ती घरच्या कॉम्प्युटरवर टाकली. डोकं दुसरीकडं लागावं म्हणून, असं मला सांगितलं. तिथं खेळणाऱ्यांच्या गर्दीत एक नाव दिसलं, घुबड. हे नाव लहानपणी हिनंच भावाला ठेवलेलं. हिनं स्वतःचं नाव घेतलं होतं सुईदोरा. आपल्या बहिणीचा धंदा माहीत असलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं? एके दिवशी घुबडाकडून त्याच्या टोळीत येण्याचं आमंत्रण आलं. सोबत एक अक्षर नाही. हिनं ते घेतलं, हिनंही एक अक्षर लिहिलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तासभर ही दोघं एकमेकांशी बोलतात. खेळात एक पडकं बंदर आहे, गोदामं आहेत, उंच दीपगृह आहे. त्यांची पाच जणांची टोळी, समोर दुसरी पाच जणांची. घुबड पुढं जाऊन टेहळणी करतो आणि ही लांबून नेम धरते.

“गोदाम. मधली खिडकी.”

“दिसली.”

“थांब जरा. डोकं वर काढू दे.”

“थांबले.”

“आता.”

“गेला.”

“हं.”

झालं संभाषण! कसा आहेस नाही, जेवलीस का नाही, आईचा तर शब्दच नाही. मी स्वयंपाकघरात भांडी घासत हे ऐकतो आणि माझा जीव वर-खाली होतो. अरे, तोंडं आहेत ना दोघांना! पण त्या “हं” नंतर ही जेव्हा पाणी प्यायला आत येते, तेव्हा हिचा चेहरा बघावा. मी परत भांड्यांकडं वळतो.

फक्त एक अडचण होती. घुबड टोळीच्या बाबतीत फार कडक. नेम चुकायला लागला, की हातात नारळ. आधी दोघांना दिलेला. आणि हिची बोटं आता ऐन वेळी ऐकेनाशी झाली होती.

“मला काढलं,” ही एकदा भाजी चिरताना अचानक म्हणाली, “तर मग आम्ही काय बोलायचं?”

मी म्हटलं, माणसासारखं बोला. ही भाजी चिरत राहिली.

तर तो चाळणी माउस घरी आला आणि खरंच थोडे दिवस बरे गेले. ही तो पर्समध्ये घालून सकाळी कारखान्यात न्यायची, संध्याकाळी घरी आणायची. चष्म्यासारखाच जपायची. टोळीत लिंबू नावाची एक पोरगी होती, कॉलेजातली असावी, आवाज तिखट. क्लिक करून बोट दमतं, एवढंच हिनं तिला एकटीला लिहून सांगितलं होतं. तिनं एक युक्ती सांगितली. “त्या अंगठ्याजवळच्या बटणाला पाच क्लिक लावून टाक ना. एकदा दाबायचं, पाच गोळ्या सुटतात. जवळून कुणी आलं की बरं पडतं, बोटही वाचतं.” हिनं तसं लावून घेतलं. गंमत म्हणजे असलं काही लावलं, की ते कॉम्प्युटरमध्ये राहत नाही, माउसच्याच पोटात राहतं. जिथं माउस तिथं ते. हे हिला माहीत नव्हतं आणि मला तर काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सिंहाचं नवं डिझाइन करायचं होतं. शाळेनं स्वेटरचा रंग बदलला होता, त्यामुळं सिंहही नवा. हिनं बोटाला विश्रांती म्हणून सगळे टाके अंगठ्याच्या बटणानं टाकले. पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसलं. एका टाक्याच्या जागी पाच टाके, पण एकावर एक तंतोतंत, मग डोळ्याला एकच दिसणार. डिझाइन मशीनवर गेलं. मी पोरांना सोडून बस घेऊनच हिला आणायला कारखान्यात गेलो, तर आत आरडाओरडा चाललेला.

ओळीनं मशिनं बंद पडली होती. सुया मोडल्या होत्या, दोरे गुंतले होते. सुईनं प्रत्येक ठिकाणी पाच-पाच वेळा हातोडा मारल्यासारखं केलं होतं आणि स्वेटरच्या ढिगात जो उचलावा त्यातल्या सिंहाच्या दोन्ही डोळ्यांत आरपार भोकं. मालकीणबाई एक स्वेटर उजेडाकडं धरून त्या भोकांतून बाहेर बघत होत्या. एरवी हसू आलं असतं.

त्या रागावतील म्हणून मी तयारीत होतो. त्या रागावल्या नाहीत. स्वेटर खाली ठेवून हिला म्हणाल्या, “तू? हे तू केलंस?”

अंगठ्याच्या बटणाचा घोळ तोवर हिच्या लक्षात आला होता; तो सांगून ही मान खाली घालून उभी राहिली. एवढ्या वर्षांत हिच्या डिझाइनवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मला वाटलं, बाईंनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“दुसऱ्या कुणाला मी उद्यापासून येऊ नकोस म्हटलं असतं,” बाई म्हणाल्या. “तुला म्हणत नाही. पण तो खेळण्यातला माउस इथं परत दिसता कामा नये. आणि हाताचं काय ते बघ. मला हा हात पाहिजे. डोळ्यात भोकं नकोत.”

बसमध्ये ही माझ्या मागच्या सीटवर, पोरांच्या जागेवर बसली. रिकामी बस फार खडखडते. आरशात मला हिचा फक्त उजवा हात दिसत होता. डाव्या हातानं ती त्याची बोटं एकेक करून दाबत होती.

“सोडते खेळ,” घरी आल्यावर ही म्हणाली.

मला हायसं वाटायला हवं होतं. मी उठून खिडकी उघडली, परत लावली, पंखा वाढवला, कमी केला. मग म्हणालो, “मी त्याला फोन करतो. तुझ्या हाताचं सांगतो. भाऊ आहे, काही परका नाही.”

“नाही करायचा.”

“का पण?”

“त्याला दया येईल. मग दया म्हणून ठेवून घेईल टोळीत. मला तसं नको.”

“मग कसं पाहिजे?”

“तो माझ्यावर ओरडला तरी चालेल,” ही म्हणाली. “त्यानं ओरडायला तर पाहिजे होतं. तेव्हाच, तिथंच. मी जे बोलले त्यावर एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं मला. तो चष्मा पुसत बसला हो. माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही.”

इतक्या वर्षांत ही त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलत होती. मी तिच्यासाठी पाणी आणायला गेलो आणि ग्लास भरून तसाच ओट्यावर विसरून आलो.

त्यानंतर दोन संध्याकाळी हिनं कॉम्प्युटर लावला नाही. घरात इतकं शांत झालं, की मीच अस्वस्थ झालो. टीव्ही लावला, बंद केला. हिनं कपाट आवरलं. आवरलेलं कपाट परत आवरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी हिचा फोन आला, “दुकानाशी या.” मी रिकामी बस तशीच वळवली.

दुकानदार आम्हाला बघून स्टुलावरून उठलाच नाही. “परत करायचा असेल तर खोकं पाहिजे,” म्हणाला.

“परत नाही करायचा. डाव्या हाताचा आहे का?”

त्यानं कपाळाला हात लावला. गेमचे सगळे माउस उजव्या हाताच्या वळणानं केलेले असतात म्हणे. अंगठ्याला खळगा एकाच बाजूला. डावखुऱ्यांनी काय करायचं, हे मी विचारलं, तर तो म्हणाला, “उजव्या हातानं खेळायचं.” तरी तो शिडी लावून वर चढला आणि मागच्या फळीवरून एक खोकं काढलं. त्यावर बोटभर धूळ. आतला माउस दोन्ही बाजूंनी सारखा होता, साबणाच्या वडीसारखा. ना दिवे, ना भोकं.

हिनं तो डाव्या हातात धरला. पान काढलं नाही. डोळे मिटले नाहीत. “द्या हाच,” म्हणाली.

पाच मिनिटांत खरेदी. जन्मभर मी याचीच वाट पाहत होतो, आणि आता मला ते बघवेना. “अगं, नीट बघ तरी. फिरवून बघ,” मी म्हणालो.

“काय बघायचं? माझा हातच नवा आहे,” ही म्हणाली.

म्हणजे असं ठरलं होतं. उजवा हात मालकीणबाईंचा. दिवसभर वापरायचा आणि घरी आला, की उशीवर ठेवायचा. खेळायचं डाव्यानं. घुबडाला सांगायचं नाही.

नव्यानं शिकणाऱ्या पोरासारखी ती शिकत होती. बाण खिडकीकडं जायचा, खिडकीच्या आसपास फिरायचा, मग भलत्याच गच्चीवर चढून बसायचा. हिच्या कपाळावर घाम यायचा. मी दारात उभा राहून बघायचो आणि माझा डावा पाय आपोआप क्लच दाबायचा.

“मधली खिडकी,” घुबड म्हणायचा.

“दिसली.”

“आता.”

मग नुसता आवाज. कुणी पडायचं नाही.

“लक्ष कुठाय?” घुबड म्हणायचा. पहिल्या दिवशी तेवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तेही म्हणाला नाही. टोळी रोज हरायला लागली.

रविवारी दुपारी मोठा सामना होता. जिंकले तर वरच्या गटात, हरले तर घसरण. ही सकाळपासून धड जेवली नाही. मी म्हटलं, आज नको खेळूस, सांग बरं नाही म्हणून. म्हणाली, “एकदा नाही म्हटलं की संपलं. त्याचाही स्वभाव तसा, माझाही तसाच.” आवाज नेहमीसारखा स्पीकरवर होता. त्यामुळं पुढचं सगळं मलाही ऐकू आलं.

सुरुवातीला बरं चाललं होतं. ही एका छपरावर दबा धरून होती. घुबड एकटाच दीपगृहाच्या पायथ्याशी पोचला आणि तिथं अडकला. चहूबाजूंनी त्याला घेरत होते.

“सुईदोरा, जिन्याची खिडकी. माझ्यावर नेम धरलाय त्यानं.”

“दिसली.”

“मार.”

हिनं मारलं. चुकलं.

“मार ना!”

परत मारलं. खिडकीच्या चौकटीचा कपचा उडाला. मी दाराची चौकट धरली होती. तिसरी गोळी ढगात गेली असावी. पडद्याच्या कोपऱ्यात घुबडाच्या नावावर काट पडली, मग एकेक करून सगळ्यांच्या नावांवर.

मग लिंबूचा तिखट आवाज आला. “घुबड, हिला काढ आता. मी कधीची म्हणतेय. आंधळी झाल्यासारखी मारतेय ती.”

मला वाटलं, पुढं होऊन त्या पोरीला दोन शब्द सुनवावेत. हिनं मागं न बघताच उजवा हात वर करून मला थांबवलं. तो हात वर धरायलाही हिला त्रास होत होता.

स्पीकरमधून घुबडाचा श्वास ऐकू येत होता. “बाकीचे जरा बाहेर जा,” तो म्हणाला. टकटक आवाज झाले आणि सगळे गेले. आता देणार नारळ, असं माझ्या मनात आलं. हिच्याही आलं असणार, कारण हिनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“हात का?” त्यानं विचारलं.

हिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं.

“उजवा?”

“हो,” ही म्हणाली. “तू कसं ओळखलंस?”

“डाव्यानं मारलं की तुझं सगळं एका बाजूला जातंय. सगळ्या गोळ्या त्याच बाजूला.” मग म्हणाला, “आईच्याही उजव्याच हाताला झालं होतं. शर्टांना काजं करून करून. तू तेव्हा हॉस्टेलवर होतीस. रात्री तो हात उशाखाली धरून झोपायची.”

आईचा शब्द. त्याच्या तोंडून आला, हिच्या घरात आला. मी हिच्या पाठीकडं बघत होतो.

“दवाखान्यात मी जे बोलले ना,” ही म्हणाली, “ते मी...”

तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे दाबून धरले. मला वाटलं, तोही रडत असेल. पण तसं काही ऐकू आलं नाही. तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग कॉम्प्युटरच्या बटणांचा.

“ताई,” तो म्हणाला, “मी एकटाच जातोय दीपगृहावर. नुसतं आपल्या दोघांचं, सामन्याचं नाही, समोर कॉम्प्युटरचीच माणसं. तू मारू नकोस. हात काढून ठेव आणि जिन्याकडं बघ. कुणी आलं तर सांग मला.”

हिनं डाव्या हाताच्या पाठीनं डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि पडद्याकडं वाकली. दोन्ही हात मांडीवर होते. पडद्यावर एक बारकासा माणूस पडक्या गोदामांमधून पळत होता.

“येतायत,” ही म्हणाली. आवाज घोगरा होता. “दोघं आहेत. तू भिंतीला धरून चल.”

“धरून चाललोय.”

“हळू.”

“हो गं.”

जिन्यात शेजारच्यांची पावलं वाजली. रविवारी दुपारी ते गप्पा मारायला येतात. मी पटकन गेलो आणि आवाज न करता दाराला आतून कडी लावली.